सावली न पडणारं घर

मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत. भिंती जिथे एकमेकींना भेटतात तिथे बघत. चहा हातात येईपर्यंत त्यांची नजर चारही कोपरे फिरून आलेली असे. "तुमचं घर बंद हाय, चांगलं हाय," असं ते एकदा माझ्या आईला म्हणाले, दारं-खिडक्या सताड उघड्या असताना.

ते अड्याळला शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त व्हायच्या वर्षी मुलांनी शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये लपवलेला एक जुनापुराणा बंदुकीचा खेळ त्यांनी पकडला, मुलांना अंगठे धरायला लावले आणि खेळ स्वतः घरी घेऊन गेले. बंदुकीत त्यांना रस नव्हता. त्या खेळासोबत नवे नकाशे, म्हणजे खेळायच्या नव्या जागा, बांधायचं साधन येत असे. त्यात मास्तरांनी धरणाच्या पाण्यात गेलेलं आपलं घर बांधायला घेतलं. विती मोजून, आठवून आठवून. खेळातले सगळे शत्रू काढून टाकले, हातातली बंदूकही काढली. राहिलं ते रिकामं घर.

मी ते पहिल्यांदा पाहिलं. चूल, उतरंड, माळा, ओसरीचा खांब, सगळं जागच्या जागी होतं. पण सावली कशालाच नव्हती. माळ्यावर दुपार, उतरंडीमागे दुपार.

"गळती हाय," मास्तर म्हणाले.

त्या खेळाचा नियमच तसा आहे. बांधलेली जागा सगळीकडून बंद हवी. कुठे केसाएवढी फट राहिली आणि बाहेरची पोकळी आत शिरली, तर कंपाइल करताना, म्हणजे बांधलेल्या नकाशाची खेळता येईल अशी जागा करून घेताना, चूक येते आणि कॉम्प्युटर उजेड-सावलीचं गणित मांडायलाच नकार देतो. फक्त आतून त्या फटीपर्यंत एक तांबडी रेघ ओढून दाखवतो. रेघ धरून जायचं, फट बुजवायची, पुन्हा कंपाइल करायचं. मास्तरांनी अशा कितीतरी फटी बुजवल्या होत्या. उरली होती एकच, आणि तीच ते बुजवत नव्हते.

ती रेघ त्यांच्या चुलीपासून निघून शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीतल्या वीतभर भोकातून बाहेर जायची. त्या भोकातून दोन घरं एकमेकांना विस्तव द्यायची, भाजीची वाटी सरकवायची. पलीकडचं घर आमचं होतं. मास्तरांनी ते बांधलेलं नव्हतं, त्यामुळे भोकापलीकडे नुसता काळोख होता.

"एक वीट लावून टाका," मी म्हणाले.

"भोक होतं तं भोकच राहीन."

"मग सगळ्याभोवती मोठी पेटी घाला. नेटवरची मुलं तसंच सांगतात ना?"

"पेटीत लुगडी ठेवतेत, माय. घर नाही ठेवत."

डॉक्टरांनी दिवाळीच्या पुढचं काही बोलायचं टाळलं होतं. मास्तरांना औषधाचं काही वाटत नव्हतं. "दिवस कलताना ओसरीवर खांबाची सावली पडे," ते म्हणत. "एकडाव तेवढी पाहून घेतो, मंग जाऊ दे मले."

म्हणून मी पवनीहून, वाचनालयाची सुट्टी असेल त्या दिवशी, त्यांच्याकडे जाऊ लागले. मी आमचं घर सांगायची, ते बांधायचे. कडी कोणत्या हाताला, फळी किती उंच, भिंतीला कोणता रंग. "निळा? तुमच्या घरी निळा होता? मले तं हिरवा दिसे." "तुम्ही भोकातून बघायचात, मास्तर. धुरातून." ते खूप हसले, मग खोकले.

घर पुरं झालं. कंपाइल केलं. पुन्हा गळती. तांबडी रेघ त्यांच्या चुलीपासून निघाली, भोकातून आमच्याकडे आली, माजघर ओलांडून मागच्या भिंतीतल्या दारातून बाहेर पडली. मी त्या भिंतीत दार सांगितलंच नव्हतं.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मीच केलं. वीस वरसं शेजारी राहिलो, तेवढं तं ठाऊक हाय मले. पण मांगं काय होतं, ते तू सांगून नाही राहिली."

"तुम्हाला माहीत आहे."

"हाय माहीत. पण घर तुझं हाय. तूच सांगशीन."

मागे परस होतं. परसात पेरू. पेरूपलीकडे बोडी, धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. माझी धाकटी बहीण चिमी चार वर्षांची होती आणि तिच्याकडे लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं. मी दारात बसून पुस्तक वाचत होते. पान संपलं तेव्हा मान वर केली, तर चिमी परसात नव्हती. मी वाचत होते हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. मास्तरांना सांगितलं.

त्यांनी माऊस हातात घेतला आणि विचारलं, "पेरू दाराच्या उजवीकडं का डावीकडं?"

पुढच्या वेळी गेले तेव्हा परस बांधून, वर आभाळ घालून सगळं बंद करून झालं होतं. कंपाइल सुरू केलं. चूक आली नाही. ओसरीवर खांबाची लांब सावली पडली होती. मास्तरांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "सांज झाली माह्या घरात," एवढंच म्हणाले. पोळ्याच्या आधीच ते गेले.

तेरवी झाल्यावर मी तो नकाशा एकटीने उघडला. त्यांच्या ओसरीवरून आमच्या घरात आले, मागच्या दाराने परसात उतरले. पेरूची सावली जमिनीवर होती. पलीकडे बोडीचं पाणी, जराही न हलणारं. मी त्याकडे चालत गेले आणि काठाच्या पाच पावलं अलीकडे थांबले. मी थांबले नव्हते. थांबवली गेले होते. समोर काहीच नव्हतं. नकाशे बांधणारे अशी न दिसणारी भिंत घालतात, हे मी ऐकून होते. सगळ्या बाजूंनी जाऊन पाहिलं. पेरूकडून, शेताच्या धुऱ्यावरून, धानाच्या बांधीतून.

पाण्यापर्यंत कुठूनही जाता येत नाही.