मेहरुनच्या आईचं गाणं

हे मी यांनाही सांगितलेलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, जेद्दात येऊन अठरा. सांगायला कुणी नव्हतं असं म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही. हे रोज संध्याकाळी समोर बसून चहा पितात. मीच गप्प राहिले.

आधी आमच्या ग्रुपबद्दल सांगते. जेद्दा, यान्बू, थुवाल — इथल्या मराठी बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दर मंगळवारी एकीने लिहायचं: आज मी काय ऐकतेय, आणि का. कल्पना वृंदाची. तिचे मिस्टर थुवालच्या विद्यापीठात आहेत. मी नाशिकला असताना सहा वर्षं गाणं शिकले होते, त्यामुळे ग्रुपात माझा मान होता. मी एखादा राग लिहायचे आणि त्याखाली चार ओळी — दुपारच्या उन्हाला हा कसा शोभतो, वगैरे. बायका हात जोडलेली चित्रं पाठवायच्या.

खरं सांगू? मी काहीच ऐकत नव्हते. मुलगा शिकायला पुण्याला गेला त्या वर्षापासून गाणं लावलं की मला घरात बसवेना. हे पहाटे प्लॅन्टवर जायचे. मग दिवसभर मी, एसीचा आवाज, आणि ओढून घेतलेले पडदे. गाणं लावलं की घर आणखी रिकामं वाटायचं — असं कुणाला होतं का, मला माहीत नाही. तर मी न ऐकताच लिहायचे. पण तो माझा गुन्हा नव्हे. तेवढंच असतं तर मी आज हे सांगायला बसले नसते.

आमच्या अझीझियाच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर मेहरुन राहायची. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. नवरा बलदमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका हॉटेलात एसीचं काम बघायचा, एक मुलगी शाळेत. मेहरुन ब्लाऊज छान शिवायची. त्या निमित्ताने ओळख झाली आणि मग ती दुपारची वर येऊ लागली. शाळा मराठीतून झालेली, पण माझ्याशी तिच्या बोलीत बोलायची. मला 'ताई' म्हणायची. त्या दुपारी नसत्या तर माझं काय झालं असतं, कोण जाणे.

एकदा माझ्या ओट्याशी भाजी निवडताना ती गुणगुणत होती. मी विचारलं, काय ग हे? म्हणाली, आईचं गाणं आहे, हळदीला म्हणायची. त्यांच्या गावात लेक सासरी जायची ती होडीतून, खाडी ओलांडून.

हळू ने रे तांडेला, होडी हळू ने,
खाडीतून लेकीला माझ्या घर दिसू दे.

मी निवडायची भाजी तशीच धरून उभी राहिले. किती दिवसांनी — नव्हे, किती वर्षांनी — मी काहीतरी ऐकत होते. तिला म्हटलं, पुन्हा म्हण, फोनवर भरून घेते, मला शिकायचंय. ती लाजली, पण म्हणाली. सगळं, पाचही कडवी. मग मी विचारलं, तुला हे आत्ताच का आठवलं? तिने सांगितलं की ती जेद्दाला आली त्या वर्षी आई गेली. तिकीट निघेपर्यंत माती झाली होती. तेव्हापासून हातात काही काम असलं की हे आपोआप तोंडात येतं. आई कामात असतानाच गायची, म्हणून.

पुढच्या मंगळवारी माझी पाळी होती. आणि मी ते लिहिलं.

मेहरुनचं म्हणून नाही. माझ्या आजीचं म्हणून. माझी आजी हळदीला म्हणायची, काम करता करता गायची, तिच्या शेवटाला मी पोहोचू शकले नाही — सगळं मेहरुनचं, फक्त आईच्या जागी आजी. नाशिकला कुठली खाडी? म्हणून खाडीची मी नदी केली, तांडेलाचा नावाडी केला, होडीची नाव केली. आणि माझ्या आवाजात गाऊन पाठवलं. गाण्याच्या आधी दोन वाक्यं आजीबद्दल बोलले. आवाज दाटून आला होता. तो खोटा नव्हता — की होता? मला आजही ठरवता येत नाही.

त्या दिवशी फोन थांबला नाही. वृंदाने तर अर्धा तास रडत स्वतःच्या आईबद्दल सांगितलं. जेद्दाला आल्यापासून माझ्याशी इतकं मन मोकळं करून कुणी बोललं नव्हतं. मला ते फार गोड लागलं.

मेहरुनला ग्रुपबद्दल माहीत होतं, मीच कधीतरी बोलले होते. त्यानंतर काही दिवसांनी तिने विचारलं, मलाही घ्याल का? मला लिहायला नाही जमायचं, म्हणाली, पण ऐकेन. मी म्हटलं, अगं, तो ग्रुप आता बंदच पडलाय, कुणी काही टाकत नाही. तेव्हा माझा फोन ओट्यावर होता आणि त्यावर एकामागून एक मेसेज वाजत होते. तिने फोनकडे बघितलं आणि दुसरा विषय काढला.

पकडली जाईन म्हणून तिला घेतलं नाही, हे तर आहेच. पण आणखीही होतं. ग्रुपातल्या सगळ्या बायका इंजिनियर-प्राध्यापकांच्या होत्या. सगळ्या आमच्यातल्या. मेहरुन तिथे कशी दिसेल, असा विचार माझ्या मनात आला होता. तोही सांगायला हवा.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. दहाबारा जणी आल्या होत्या. मेहरुनला मी बोलावलं नव्हतं. तिला ठाऊकही नसावं, कारण ती सांदणांचा डबा घेऊन सहज वर आली आणि दारातल्या चपला बघून थबकली. दार उघडंच होतं. वृंदाने विचारलं, या कोण? मी म्हटलं, "खाली राहतात. शिवण करतात."

शिवण करतात. एवढंच म्हटलं मी.

वृंदाने तिला बसायला लावलं आणि मला म्हणाली, आता आजीचं गाणं व्हायलाच हवं. सगळ्याजणी मागे लागल्या. गळा बरा नाही म्हणता आलं नसतं? आलं असतं. पण मी गायले. मेहरुन दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर डबा. मी तिच्याकडे बघत नव्हते. 'नदीतून लेकीला माझ्या' म्हणताना माझी मान आपोआप खाली गेली. तिसऱ्या कडव्याला मी अडले. ओळच आठवेना.

आणि दाराकडून हलक्या आवाजात ओळ आली —

नदीच्या पाण्याला सांगा, लेक नवी आहे.

तिच्या आईची ओळ 'खाडीच्या पान्याला सांगा, पोर नवी हाय' अशी होती. ती मी शंभरदा ऐकली होती. मेहरुनने खाडी म्हटलं नाही. माझी नदी म्हटली. माझ्यासारखी भाषा करून म्हटली.

"तुम्हाला येतं हे?" वृंदाने विचारलं.

"ताईंनीच शिकवलं," मेहरुन म्हणाली.

बायकांना कौतुक वाटलं. मी पुढचं कडवं गायले. होय, गायले. मेहरुन चहा न घेता गेली, डबा टेबलावर ठेवून.

ती भांडेल, निदान विचारेल, म्हणून मी वाट बघत राहिले. ती मापं घ्यायला यायची, तशीच हसायची, पण ओट्याशी उभी राहिली तरी पुन्हा कधी गायली नाही. पुढच्या वर्षी मुलीच्या कॉलेजसाठी मायलेकी गावी गेल्या, कायमच्या. जाताना माझ्यासाठी दोन ब्लाऊज शिवून ठेवले होते.

एक गोष्ट राहिली. तिच्या आवाजातलं ते गाणं माझ्या फोनवर होतं. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मी ते पुसलं. ह्यांच्या किंवा कुणाच्या हाती लागलं तर खरं बाहेर येईल, या भीतीने. पुसण्याआधी ऐकलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना. थायरॉईडचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून असाच घोगरा झालाय म्हणाली. मुलीचं लग्न ठरलं होतं.

"ताई, तुमी माझा गाणा भरून ठेवलेला ना," ती म्हणाली. "हळदीला लावायचाय. आता मला गाववत नाय, आनी गावात कोनाला सगळा येत नाय."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. निदान मला पाचही कडवी येतात, मी खाडी म्हणून, तांडेल म्हणून गाऊन पाठवते, एवढं तरी. पण गाऊन पाठवायचं तर त्या दिवसाबद्दल बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, "अगं, फोन बदलला ना, त्यात सगळं गेलं."

ती म्हणाली, असू दे ताई. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

ग्रुपात ते अजून आहे, माझ्या आवाजातलं, आजीच्या दोन वाक्यांसकट. वृंदाच्या भाचीच्या हळदीला पुण्यात ते लावलं होतं, माझ्या आजीचं नाव घेऊन. मी आभार मानले.

मेहरुनने लेकीच्या हळदीचे फोटो पाठवले होते. अंगणात बायका दाटीवाटीने बसल्यात, टाळ्या वाजवताहेत, तोंडं उघडी आहेत. त्या काय गात होत्या, ते मी विचारलं नाही.