गुरूंची अक्षरं

नवऱ्यानं सोडली, दार तिचं उघडं
येणाऱ्या-जाणाऱ्याचं तिथं घोंगडं

ही ओळ ऐकत मी मोठी झाले. भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यात आमच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा असायची आणि त्या रविवारी दुपारी शक्ती-तुरा, आमचा कोकणातला नाच-गाण्याचा कार्यक्रम, व्हायचा. पायात घुंगरू बांधून गोल नाचणारे आमचे रत्नागिरीचे बाप्ये, मध्ये ढोलकी आणि माइकवर शाहीर. ही ओळ आली की मागच्या खुर्च्यांवरून शिट्ट्या.

माझ्या आईला नवऱ्याने सोडलं होतं. चाळीत तशी ती एकटीच. तो दुसरीबरोबर नालासोपाऱ्याला राहायला गेला, त्याच्यावर कुणी गाणं रचलं नाही. आई भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंग करायची, आणि पूजेच्या दिवशी प्रसाद घेऊन गाणं सुरू व्हायच्या आत घरी यायची. त्यातली गवळण तिला फार आवडायची. ती आमच्या खिडकीशी बसून ऐकायची, आणि गवळणीतली ती ओळ जवळ आली की खिडकी लावायची.

कॉलेजात असताना मी एका महिला संघटनेत जायला लागले. पत्रकं लिहायची, झेरॉक्स काढायची, वाटायची, हे शिकले. घरापासून सुरुवात करायची ठरवलं आणि शाहिरांकडे गेले. ते दिवसा जेसल पार्कातल्या एका इमारतीत लिफ्टमन होते. ती ओळ काढा, म्हटलं. स्टुलावरून न उठताच म्हणाले, "पोरी, गाणं माझं नाय. गुरूंची अक्षरं आहेत. शिष्यानं त्यात काना-मात्रा बदलायची नाय, ही आमची शपथ."

"आणि बुवा, मागल्या वर्षी नगरसेवकाच्या गटारावरचं कडवं गाळलंत ते? तेही गुरूंचंच होतं ना?"

"ती बाब वेगळी. त्यांनी मंडप दिला होता."

"म्हणजे मंडप दिला की शपथ सुटते?"

"तुझी आय तर कधी काय बोलली नाय," ते म्हणाले, "तुलाच का झोंबतंय?"

झोंबतच होतं. घरी येऊन मी पत्रक लिहिलं. शिकवल्याप्रमाणे आक्षेपार्ह मजकूर, म्हणजे ती ओळच, ठळक अक्षरात चौकटीत टाकला, खाली 'निषेध!' आणि मागण्या. सिल्व्हर पार्कातून झेरॉक्स काढल्या. पेणकरपाडा, भाईंदर स्टेशन, गाळ्यांच्या फाटकांवर, जिथे बायका दिसतील तिथे वाटल्या.

तिसऱ्या दिवशी आई कामावरून आली आणि पत्रक माझ्यापुढे टाकलं.

"पॅकिंगच्या टेबलावर होतं. ती युपीवाली चौकटीवर बोट ठेवून विचारत होती, दीदी, इस डिब्बे में क्या लिखा है? मला हिंदीत सांगायला लागलं."

मी पत्रक उचलून घेतलं.

"वर्षातून एकदा खिडकी लावत होते मी. आता कुठली लावू?"

मला लोकांचा राग होता, त्या दिवशी माझाही आला. पण पत्रक मागे घ्यायची काही पद्धत नसते. आणि त्याचा उपयोग झाला, हेही खोटं नाही. मंडळाचं नाव वर्तमानपत्रात येईल म्हणून अध्यक्ष घाबरले. शाहिरांना बोलावून घेतलं. शाहीर म्हणाले, गुरूंच्या जागी माझे शब्द घालणार नाय, पण ती ओळ म्हणणार नाय. तेवढ्यात फक्त ढोलकी वाजेल.

पूजेच्या दिवशी मी आईला अक्षरशः ओढत नेलं. "यंदा नाही म्हणणार. चल, गवळण तरी समोर बसून ऐक." ती इस्त्रीची साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली.

ती जागा आली. शाहिरांनी तोंड मिटलं. ढोलकी वाजली, घुंगरू वाजले. आणि मागच्या खुर्च्यांवरून सगळ्या बाप्यांनी एका सुरात ती ओळ म्हटली. पूर्ण. कधी नव्हे इतकी मोठ्यानं. पुढच्या बायकांनी माना वळवून आईकडे पाहिलं. शाहिरांनी दोन्ही हात वर केले, मी कुठे गायलो!

मी उठले. आईने मनगट धरून खाली बसवलं. मला वाटलं, घाबरली. तसं नव्हतं. मध्यांतरात चहा सुरू झाल्यावर ती स्वतः शाहिरांसमोर गेली. मी मागे होते.

"बुवा, मोकळी जागा ठेवू नका. लोक भरतात."

"वैनी, गुरूंची अक्षरं..."

"गुरू गेले. मी हाय ना अजून. मला इथं बसायचंय."

बाजूचा ढोलकीवाला म्हणाला, "बुवा, घाला की कायतरी. माझा पण ठेका तिथं रिकामाच पडतो."

पुढच्या वर्षी तिथे नवी ओळ आली, यमुनेच्या पाण्याची, अगदी पांचट. लोकांनी जुनी म्हणायचा प्रयत्न केला, पण शाहीर माइकवर त्यांच्यापेक्षा मोठ्यानं गायले. मग त्यांची व्हीसीडी निघाली, तीही नव्या ओळीची. मंडळाने शाल दिली. आम्ही काळाबरोबर बदलतो, असं ते माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या. तिला पूर्ण कार्यक्रम बसून ऐकता आला, तिच्यासाठी विषय संपला.

माझ्यासाठी नाही. इतकी वर्षं गाण्यातून तिच्या दारात घोंगडं टाकणाऱ्या एकाही माणसाने येऊन, वैनी, चुकलं, एवढं म्हटलेलं नाही. ओळ गेली म्हणून पाठ थोपटून घेताय? ती गात कोण होतं?