दक्षिणेची भिंत

मिस्तरी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर तळहात ठेवत आणि मग माणसांना नमस्कार करत. यजमानाला खटकलं तरी तो बोलत नसे, कारण घर बहुधा मिस्तरींनीच बांधलेलं असे. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत आणि आसपासच्या गावांत चाळीस वर्षं त्यांनी भिंती उभ्या केल्या. त्यांचं खरं नाव फक्त मतदार यादीत उरलं होतं.

नेपाळच्या डोंगराळ गावात शाळा बांधायला स्वयंसेवक हवेत, अशी जालन्यातल्या एका संस्थेची सूचना मीच आमच्या दैनिकात छापायला दिली होती. रजा काढून मीही नाव नोंदवलं. पहिल्या बैठकीला बँकवाले, प्राध्यापक, विद्यार्थी असे अठरा जण होतो. मागच्या खुर्चीवरून मिस्तरींनी विचारलं, "तुमच्यात भिंत कुणाला येती?" कुणालाच येत नव्हती. प्रमुख कोण, हे तिथंच ठरलं.

मिस्तरींना घ्यायला घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी, काकू, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "घरची मोरी सहा महिन्यांपासून फुटकी, अन् हे परदेशात शाळा बांधाया चालले."

"मोरी कुठं पळून चालली? आल्यावर बघू," मिस्तरी पिशवी उचलत म्हणाले.

नेपाळातल्या कामावर त्यांना कौतुक चालत नसे. "भिंत सुकू द्या, मंग बोला," असं ते म्हणत. दगडाचा पहिला थर लागला तेव्हा एका विद्यार्थ्याने त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढला. मिस्तरींनी ओळंबा सोडून पाहिला आणि तो थर उतरवायला लावला. "फोटो बराबर आला. भिंत न्हाई आली."

नकाशात खिडक्यांपुढे 'जागा पाहून ठरवावे' असं लिहिलं होतं. मिस्तरींनी चाळीस वर्षांच्या सवयीने ठरवलं. आपल्याकडे उन्हाकडे पाठ करून घर बांधतात. त्यांनी दक्षिणेची भिंत जाड आणि बंद ठेवली, खिडक्या उत्तरेला काढल्या. आम्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. एवढा जाणता माणूस करतोय म्हणजे काही कारण असेल, असं गावकऱ्यांना वाटलं.

छतावर पत्रे चढले आणि मुलं आली. ती आत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन दक्षिणेच्या भिंतीला टेकून उन्हात बसली. तिथल्या मुख्याध्यापिका काही वर्षं दिल्लीत राहिलेल्या होत्या. मिस्तरींनी त्यांना कारण विचारलं. त्या संकोचून म्हणाल्या, "अंदर बहुत ठंड है, मिस्त्रीजी. हमारे यहाँ बच्चे धूप देखकर बैठते हैं."

मिस्तरी आत गेले. दक्षिणेच्या भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले.  दुपारच्या चहाच्या वेळी मला म्हणाले, "पत्रकार, मी शाळा जालन्यात बांधली."

परतीची तिकिटं चार दिवसांनंतरची होती. वर्गात शेगडी ठेवावी, असं बाकीच्यांचं मत पडलं. मीही म्हणालो, चूक कुणाच्या लक्षात येणार नाही.

"पोरं भाईर बसून राह्यलीत. अजून कुणाच्या लक्षात यायचं राह्यलं?"

छताचा भार असलेली भिंत फोडणं धोक्याचं होतं. शिवाय दोन आठवड्यांत पाणी गोठू लागणार होतं. त्यानंतर सिमेंट धरलं नसतं आणि अर्धी फोडलेली शाळा तशीच राहिली असती. बाकीचे सोळा जण परत गेले. मिस्तरी राहिले, मी राहिलो. त्यांनी छताला आतून लाकडी टेकू दिले आणि एकेक दगड सुटा करत एका वेळी एकच खिडकी उघडली. पहिलीची वरची तुळई बसेपर्यंत दुसरीला हात लावला नाही. मी घाई केली की म्हणत, "जल्दी तुला हाय. दगडाला न्हाई."

तेराव्या दिवशी तिसरी खिडकी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन बाकांपर्यंत आलं. मुलं आत बसली ती शाळा सुटेपर्यंत उठली नाहीत.

टेंभुर्णीत त्यांचा सत्कार झाला. वक्त्यांनी गावाचं नाव सातासमुद्रापार नेलं. नेपाळच्या वाटेवर समुद्र नाही, हे कुणी मनावर घेतलं नाही. मिस्तरी शाल सावरत उठले आणि भिंत बांधताना आपण कसे चुकलो, तेवढंच सांगून खाली बसले. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या.

बातमी मी लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "भिंतीचं न्हाई आलं."

जागा कमी पडली, असं मी सांगितलं.

"मंग शाल-नारळाचं कापायचं व्हतं. भिंतीचं वाचून पुढं परमुलखात जाणाऱ्या एखाद्या मिस्तरीनं आधी इचारलं असतं, बाबा, तुमच्याकडं उनात बसतेत का सावलीत."

पुढच्या वेळी घेतो, म्हणालो. पुढची वेळ आली नाही. मिस्तरी गेल्या वर्षी वारले. तेव्हाच्या निधनवार्तेच्या चार ओळींतही भिंत नव्हती.

म्हणून ही दुरुस्ती. नेपाळमधील त्या शाळेची दक्षिणेची भिंत मिस्तरींनी आधी बंद बांधली होती. चूक त्यांची होती. ती त्यांनी स्वतः भिंत फोडून सुधारली. ती प्रसिद्ध न करण्याची चूक प्रस्तुत बातमीदाराची आहे.