सुचलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला मी एरवी नको तेवढं सांगत असतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल — वेम्बलीच्या त्या हॉलमध्ये तुम्हीही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या असतील — तर मग ऐकाच.

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. मी इंग्लंडात, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये होतो. निखिल नावाच्या मित्राला फिल्मचं वेड लागलं होतं, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात दाखवायला आम्ही अर्ध्या तासाची मराठी फिल्म करत होतो. नवऱ्याला भारतात परतायचंय, बायकोला नाही, एवढीच गोष्ट. नवरा मी. बायको मेधा — मूळची नागपूरची, जवळच्याच हॉस्पिटलात डॉक्टर, माझी चांगली मैत्रीण. मैत्रीण होती, असं म्हणायचा हक्क मला आहे का? असो.

निखिलने भांडणाचा सीन लिहिलाच नव्हता. म्हणाला, “इम्प्रोवाइज करा. रूल एकच — समोरचा जे बोलेल ते खरं धरायचं. नाकारायचं नाही. मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही.”

आता माझी गंमत बघा. पुण्यात कॉलेजात एकांकिका गाजवलेला मी, सगळ्यांना अभिनय शिकवत फिरायचो. पण माझा सगळा अभिनय पाठांतराचा! लिहिलेलं वाक्य हातात नसलं की मी ठार मुका. तालमीत मेधा — जिने शाळेच्या गॅदरिंगमध्येही कधी काम केलं नव्हतं — सहज बोलायची, आणि मी आपला “पण… अगं पण…” करत उभा. निखिल तिच्याकडेच बघायचा. सगळेच तिच्याकडे बघायचे. मला राग आला. भयंकर राग आला, आणि तो तिचाच आला.

मेधाने मला एक गोष्ट सांगितली होती. माझ्या स्वयंपाकघरात पोहे खाता खाता, अचानक. तिचे वडील नागपूरला अत्यवस्थ असताना ती गेली नव्हती. व्हिसा वाढवायला दिलेला पासपोर्ट क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात अडकलाय, असं तिने घरी कळवलं होतं. आपल्यापैकी कुणाचा पासपोर्ट तिथे अडकला नाही? सगळ्यांना पटलं. पण पासपोर्ट परत आला होता. तिच्या कपाटात होता. त्याच आठवड्यात तिचा नोकरीचा इंटरव्ह्यू होता — ती गेली असती तर तो हुकला असता. वडील गेले, आणि नोकरी मिळाली. “आईला हे कधी कळलं ना, तर ती माझं तोंड बघणार नाही,” एवढं बोलून ती बशी विसळायला उठली होती.

तुम्हाला कळलंच असेल मी काय केलं.

शूटिंगच्या दिवशी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. मी म्हणालो, “तुझे बाबा गेले तेव्हा तरी कुठे गेलीस तू? पासपोर्ट क्रॉयडनला आहे म्हणालीस. तो तुझ्या कपाटात होता.”

निखिल कट म्हणेना. आणि नाकारायचं नाही, हा रूल. शेवटी ती म्हणाली, “हो.” बस, एवढंच. तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं, सगळे खूश. निखिलने मला मिठी मारली.

नंतर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “तू ठरवून बोललास का?”

“वेडी आहेस का? ओघात सुचलं,” मी म्हणालो.

सुचलं! आदल्या दिवशी ट्रेनमध्ये मी ते वाक्य घोकत होतो. ओठ हलत असावेत, कारण समोरची म्हातारी इंग्लिश बाई जागा बदलून बसली. ‘कपाटात’वर थांबायचं की ‘होता’वर, हेसुद्धा मी ठरवलं होतं.

पुढे मेधाची आई इकडे राहायला आली. मेधाचा फोन आला, “आई कार्यक्रमाला येतेय. तेवढं वाक्य काढायला सांग ना निखिलला. मी सांगितलं तर तो कारण विचारेल.” मी ‘हो, सांगतो’ म्हणालो. सांगितलं नाही. ते माझं सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

वेम्बलीच्या त्या हॉलमध्ये काकू, मेधाची आई, पहिल्या रांगेत होत्या. फिल्म संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले, आणि त्यांतून वाट काढत त्या माझ्यापाशी आल्या. मेधा मागे उभी होती. काकूंनी हळू आवाजात विचारलं, “बेटा, ते पासपोर्टचं कुणी लिहून दिलं होतं का रे?”

बघा, किती सोपं होतं. ‘हो काकू, निखिलने लिहिलं.’ संपलं असतं. त्यांनाही तेच ऐकायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मेधा माझ्याकडे बघत होती. पण भोवती माणसं होती, आणि ती सगळी माझं उत्तर ऐकायला थांबली होती.

“नाही काकू,” मी म्हणालो, “तिथल्या तिथे सुचलं.”

“आणि तिचं ते ‘हो’?”

“तेही तिथल्या तिथेच.”

काकूंनी मान हलवली. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सहा महिन्यांसाठी आलेल्या काकू त्याच आठवड्यात तिकीट बदलून गेल्या. मेधाच्या घरी त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मेधा मात्र दर दिवाळीला मला फोन करते. एकदा मी उगाच गप्प झालो, तर तीच समजूत घालू लागली, “तू नको रे मनाला लावून घेऊस. तुझी काय चूक? तुला सुचलं, तू बोललास.”

मी म्हणालो, “हो ना.”