शालिग्राममामांचा फेज

शालिग्राममामांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. तीस वर्षं नवागामच्या लूम कारखान्यांत वायरमन. मोटर बिघडली की ‘मामाले बलाव’. पण त्यांची भाची हर्षदा हिचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा आहे तो त्यांच्यामुळे, आणि हे ती कुणालाही ठणकावून सांगते.

डिंडोलीतल्या त्या एका खोलीचं सगळं वायरिंग मामांनी केलं. भाचीच्या माइकच्या वायरीसुद्धा घरी बसून जोडून दिल्या. हर्षदाचा बाप उखा, त्याने वर्षभराची मुदत दिलेली: नाही चाललं तर पुन्हा साड्यांच्या घड्या घालायला. मुदत संपत आली आणि अमोल नावाचा एक गिटारवाला आला. त्याला अहिराणी गाण्यांचा अल्बम करायचा होता. “आधी एक गाणं करू. गिटार जमली तर सगळी गाणी तुझ्याकडे,” तो म्हणाला.

हर्षदाने गिटारच्या अँपसमोर, म्हणजे तिच्या स्पीकरच्या खोक्यासमोर, दोन माइक लावले. एकेकटा ऐकला की आवाज कसा भरदार! दोन्ही एकत्र केले की पार पाणचट. एकाच आवाजाच्या लाटा उलटसुलट येऊन एकमेकींना मारतात, त्याला फेजचा घोळ म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. दोन्ही माइकचं अंतर सारखं हवं, म्हणून तिने टेपने मोजलं. आता गंमत बघा, जितकं नीट मोजावं तितका आवाज आणखी मरायचा! संगणकात आवाज उलटवायचं बटण होतं, पण घाबरल्यावर ते आठवेल तर शपथ. अमोल सारखा घड्याळ बघू लागला.

तेवढ्यात आईचा, अनुसयाबाईंचा, फोन. “फेजचा प्रॉब्लेम आहे गं, नंतर बोलते,” म्हणून हर्षदाने ठेवून दिला. झालं! फेज म्हणजे विजेचाच, असं समजून आईने भावालाच धाडलं. पंधरा मिनिटांत मामा टेस्टर, पक्कड, सोल्डरगनची पिशवी घेऊन दारात हजर.

“कोनता फेज जायेल शे?”

“वीज आहे हो मामा! हा आवाजाचा फेज. एक माइक उलटा चालतोय की काय कोण जाणे.”

“उलटा? मंग दोन तारा बदली टाक!”

लूमची मोटर उलटी फिरली की मामा जन्मभर हेच करत आले. हर्षदा ‘नको, नको’ म्हणेपर्यंत त्यांनी वायरीचं टोक उघडलंसुद्धा. आत तीन पिना. अर्थिंगची सोडली तर राहिल्या दोन. मामांनी मोबाइलचा टॉर्च लावला, वायरीचं दुसरंही टोक उघडलं आणि दोन्ही टोकं डोळ्यांशी धरून ताडून पाहिली. मग एका टोकाच्या दोन तारांची अदलाबदल करून सोल्डर मारला.

अमोलने गिटार छेडली. काय आवाज आला म्हणून सांगू! खोली भरून गेली. “हाच आवाज हवा होता,” अमोल म्हणाला. “सगळी गाणी इथेच.” हर्षदाला तर रडूच फुटलं.

मामा मान खाली घालून पिशवी भरत होते.

“बेटा, ती वायर मीच उलटी जोडेल व्हती. आते माले लाल नि काळा एकच दिखस. तुना धंदा बुडाडतू मी.”

हर्षदा वाकून पाया पडली.

“मामा, तुम्ही नसता तर ही खोलीच नसती. अजून चार वायरी लागणार आहेत, त्याही तुम्हीच जोडायच्या. शेजारी बसून रंग मी सांगेन.”