पाटी नाही, पोतं बघायचं

भाईंदरला स्वयंपाकाच्या बाया पुष्कळ. पण पोत्यात हात घातल्यावर धान्य ज्याच्याशी स्वतःहून बोलतं असा हात एकच, आणि तो आमच्या मंदाचा. कोणाला खोटं वाटत असेल त्याने खुशाल नवघर रोडला यावं आणि पहिली भेटेल त्या बाईला विचारावं. ती बाई मंदाचं नाव घेईल. नाही घेतलं तर समजायचं, नवीन राहायला आलीय.

मंदा रोह्याकडची. घरी शेती थोडी. भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकायचे आणि थंडीत शेंगा तोडायच्या. पुढच्या वर्षाचं बी निवडायची वेळ आली की बाप सगळ्यांना बाजूला सारून मंदाला हाक मारायचा. एवढीशी पोर, पण एक दाणा दाताखाली धरायची आणि सांगायची, "हा नको, हा मागल्या सालचा." बाप कौतुकाने बोलायचा, "ही पोर दाण्याचं वय सांगते, माणसाचं काय लपणार हिच्यापुढे!"

लग्न होऊन ती भाईंदर पूर्वेला आली. नवरा नाथा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. हाताने पातेलं असं घडवायचा की त्यात तोंड बघून भांग पाडावा. पण कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी मालकाने त्याला निरोप म्हणून एक भलंमोठं पातेलं दिलं, नाथानेच घडवलेलं. लग्नाचं जेवण शिजेल एवढं. ते घरात मावेना, म्हणून गॅलरीत ठेवलं आणि त्यात पाणी भरायला लागले. नाथा येता जाता त्याच्या काठावरून हात फिरवायचा.

मंदा एक दिवस बोलली, "भांडी तुम्ही घडवलीत ना? आता भांड्यात काय पडतं ते मी बघते."

आणि तिने डबे सुरू केले. हातात पदवी नाही, ओळखपाळख नाही. फक्त चव. ह्या घरातून त्या घरात चव चालत गेली आणि मंदाच्या दारात डबे वाढत गेले. पण तिच्या मनात एकच होतं. त्या पातेल्यातलं पाणी एकदा ओतून टाकायचं आणि त्यात गावजेवण शिजवायचं. नाथाने घडवलेलं भांडं पाण्याच्या पिंपासारखं मरता कामा नये.

त्याच वर्षी आपल्याकडे स्वस्त दुकानांचं वारं सुटलं. नवघर रोडला 'बचत बझार' उघडलं. साखर स्वस्त, डाळ स्वस्त, तेलाच्या पिशवीवर वाटी फुकट. आत उघडी पोती आणि प्लास्टिकचे टप, त्यात पत्र्याचे डाव. आपल्या हाताने भरा आणि वजन करून घ्या. गर्दी तर विचारू नका. पण लोकांची गंमत बघा, जायचे सगळे आणि कबूल कोणी करायचं नाही. चांगल्या घरच्या बाया घरून दुसऱ्या दुकानाची पिशवी घेऊन जायच्या आणि त्यात भरून आणायच्या.

मंदा पहिल्याच दिवशी गेली. परतली ती बचत बझारची पिवळी पिशवी मिरवत, भर रस्त्याने.

तळमजल्यावरची हंसाबेन दारातच बसलेली. तिने पिशवी बघून कपाळाला हात लावला. "अरे मंदाबेन! महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार!"

"हंसाबेन, पहले हाथ डालके देखो, बाद में रोना," मंदा बोलली आणि मूठभर तूरडाळ तिच्या ओंजळीत ओतली. हंसाबेनने डाळ चोळली, हुंगली, एक दाणा चावला. रडायचं राहिलंच. "कल जायेगी तो मेरे को भी बुलाना," एवढंच ती हळूच बोलली.

आता मंदा काय डोळे मिटून आणायची नाही. त्या दुकानातलं सुकं खोबरं तिने कधी घेतलं नाही, खवट वास यायचा. रव्यात एकदा जाळी दिसली तर मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला. "ये तुम खाओ." पण कडधान्य तिथलंच. ती सगळ्यांना सांगायची, "दुकान चांगलं नसतं आणि वाईट नसतं. पोतं चांगलं असतं किंवा वाईट असतं. जिथे पोतं आलं आलं की संपतं, तिथे किड्याला जन्माला यायला वेळ कुठे? आणि तुमचं ते गारेगार दुकानातलं सोनेरी पाकीट, ते कधीपासून गार पडलंय कोणी बघितलंय?"

आणि एक दिवस तिला तिथे खजिना लागला. वालाचे दोन टप शेजारी शेजारी. दोन्हींवर एकच पाटी, 'वाल', आणि एकच भाव. एकात मोठे, पांढरट. दुसऱ्यात बारीक, तांबूस. मंदाने बारीक वालात हात घातला आणि तिचं काळीज हरखलं. पण चेहऱ्यावर काही नाही. मॅनेजर आला. "भाभी, क्या ढूंढ रहे हो? दोनों एक ही माल है."

"एक ही है तो यही दे दो," मंदा बोलली आणि पिशवी गच्च भरली.

तेवढ्यात गणपती जवळ आले. बेव्हर्ली पार्कातल्या एका मोठ्या सोसायटीचा पाच दिवसांचा गणपती, आणि शेवटच्या दिवशी अख्ख्या सोसायटीला महाप्रसाद. मंदाच्या डब्याचं नाव तिथपर्यंत पोचलं होतं. सेक्रेटरी ईश्वरराव दादरहून तिकडे राहायला आलेले, बँकेतले साहेब. त्यांची बायको संचिता. तिने मंदाला बोलावलं, "नमुन्याला काहीतरी करून आणा, यांना पसंत पडलं की ऑर्डर तुमची."

मंदाने गॅलरीतल्या पातेल्याकडे बघितलं आणि नाथाला बोलली, "पाणी ओतायची तयारी ठेवा."

तिने बिरडं केलं. देवाचं म्हणून कांदा नाही, लसूण नाही. मोड आलेले सोललेले वाल, हिंग, हिरवी मिरची, ओलं खोबरं, आमसूल आणि गुळाचा खडा. झाकण उघडलं तर वासानेच जिन्यातली माणसं थांबली.

ईश्वररावांनी चमचा तोंडात घातला. एक घास. दुसरा. आणि तोंड वाकडं. "कडवट लागतंय. संचिता, बघ जरा."

संचिताने चाखलं. "हो, मागून कडू येतंय."

"वाल कुठून आणलेत?" ईश्वरराव.

दुसरी कोणी असती तर खोटं बोलली असती. पण ही मंदा. ताठ मानेने बोलली, "बचत बझार. नवघर रोड."

झालं! जमलेल्या कमिटीत कुजबुज सुरू. "बाई, गणपतीच्या प्रसादाला सेलचा माल?" ईश्वरराव हात पुसत बोलले, "तरीच. सडका माल. उद्या पोरांची पोटं बिघडली तर जबाबदार कोण? सॉरी मंदाताई. आपण केटररला सांगू." मंदाचं पुढचं बोलणं कोणी ऐकूनच घेतलं नाही.

अन् गोष्ट तिथे थांबली असती तर ठीक. पण असली बातमी डब्याहून लवकर पोचते. दुसऱ्या दिवशी बेव्हर्ली पार्कातल्या एका घराने डबा बंद केला, मग शेजारच्यांनीही. एका बाईने तर फोनवर विचारलं, "ताई, तुम्ही पहिल्यापासूनच तिकडचं खाऊ घालत होता का हो?" नाथा बोलला, "जाऊ दे मंदा. पातेलं पाण्यालाच बरं."

हे शब्द मंदाला लागले. पदर खोचून ती तडक सोसायटीच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. कमिटी बसलेली.

"साहेब, मला नावं ठेवा, पण तपासून ठेवा. मेलेल्या धान्याला मोड येत नाही, हे तर मान्य ना? तुम्ही मुंबईत मिळतील तेवढे महाग वाल आणा. मी माझे आणते. इथेच भिजवू, इथेच बांधू. ज्याला मोड येतील त्याचा माल जिवंत. माझ्यांना नाही आले तर मी भाईंदरात परत डबा करणार नाही."

"आणि आमच्यांना नाही आले तर?" एकजण हसत बोलला.

"तर महाप्रसाद मी करणार. आणि वाल सोलायला तुम्ही बसणार."

हशा पिकला. पण ईश्वरराव इरेला पेटले. स्वतः गाडी काढून गेले आणि सोनेरी अक्षरांचं, रिबीन लावलेलं पाकीट घेऊन आले. भेटीला द्यावं असं. दोन भांड्यांत दोन्ही वाल भिजले. मग दोन पांढऱ्या फडक्यांत बांधून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ऑफिसातल्या नोटीस बोर्डाच्या खिळ्याला दोन पुरचुंड्या लटकल्या. एरवी मेंटेनन्सच्या नोटिशीकडे ढुंकून न बघणारी माणसं येता जाता त्या बोर्डाखाली उभी राहायला लागली. वॉचमनसुद्धा पुरचुंडीला हात लावून बघायचा.

ह्याच दिवसांत ईश्वररावांची आई गोदूबाई पुण्याहून लेकीकडून गणपतीसाठी आली. तोंडात दात मोजके, पण आवाज खणखणीत. घरात सगळे वालावरच बोलतायत बघून तीपण पुरचुंड्या सोडायच्या दिवशी काठी टेकत ऑफिसात आली आणि खुर्चीवर बसली.

पहिली पुरचुंडी सुटली ती सोनेरी पाकिटाची. वाल फुगलेले, बुळबुळीत. एखाददुसरा मोड, बाकी सगळे गप्प. आणि असा आंबूस वास सुटला की संचिताने नाकाला पदर लावला.

मग मंदाने आपली गाठ सोडली. अहाहा! फडकं उघडलं आणि पांढऱ्याशुभ्र शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या, जाईच्या कळ्यांसारख्या. एक दाणा मागे राहिलेला नाही. वॉचमननेच पहिली टाळी वाजवली.

ईश्वरराव हरले, पण मान खाली घालेनात. "मोड ठीक आहेत. पण मग कडू का लागलं ते सांगा."

मंदा तोंड उघडणार तेवढ्यात गोदूबाईने हात पुढे केला. "आण गं इकडे." तिने एक दाणा सोलला आणि जिभेवर ठेवला. म्हातारी डोळे मिटून बसली. डोळे उघडले तेव्हा ओले होते.

"अगो, हे कडवे वाल! किती वर्षांनी गं! आमच्या अलिबागला ह्याच्याशिवाय बिरडं नाही. ह्याची चव मागून येते, थोडी कडू, आणि मग जीभ सोडत नाही." मग ती लेकाकडे वळली. "आणि तू रे! लहानपणी कडू कडू करून ताट सरकवायचास, म्हणून मी तुझ्यासाठी मुद्दाम गोडे वाल आणायचे. लाड केले ते चुकलं. तू गोड्यालाच खरं समजून बसलास आणि खऱ्याला सडका म्हणतोस? ह्या वालाला बाजारात जास्त भाव असतो, कळलं?"

बँकेतला साहेब आईपुढे सहावीतला पोर झाला. मग स्वतःच हसायला लागला. "मंदाताई, वाल कुठे बसून सोलायचे ते सांगा."

मंदा आधी सोसायटीतून थेट बचत बझारला गेली. बारीक वाल टपात होते तेवढे आणि आतली गोणीपण, सगळे उचलले. रिक्षा घरचीच, नाथाच्या थोरल्या भावाची, मीटर पाडायचा प्रश्नच नव्हता.

महाप्रसादाच्या सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी टाकली होती. तिच्यावर अख्खी कमिटी मांडी घालून वाल सोलत होती. ज्यांनी नाक मुरडलं त्यांच्या नखांना सालं. मध्ये खुर्चीवर गोदूबाई. "ईश्वर, डाळिंबी मोडू नकोस, दाणा अखंडच्या अखंड सोल!" आणि मागे, टेंपोतून उतरवलेलं, राखेने घासून आरशासारखं केलेलं नाथाचं पातेलं चुलीवर चढलं. नाथा स्वतः उलथनं घेऊन उभा. येईल त्याला सांगत होता, "भांडं माझं, जेवण बायकोचं."

पंगती उठल्या आणि बसल्या. बिरडं तीनदा मागून घेणारे निघाले. डबा बंद केलेली बाई ताट धरून बोलली, "ताई, उद्यापासून परत." मंदा बोलली, "बघते, जागा आहे का!" आणि पातेलं खरवडलं तेव्हा नाथाला त्यात स्वतःचं तोंड दिसलं, हसरं.

पण खरी गंमत तर विसर्जनानंतर. संचिता आणि सोसायटीच्या बाया मंदाला घेऊन बचत बझारला निघाल्या. आत शिरताच मॅनेजर संचिताला बघून लगेच बोलला, "मॅडम, आज शक्कर नहीं? हर महीने तो आप..." संचिताचा चेहरा लाल. बाया खो खो हसल्या. मंदा मात्र सरळ कडधान्यांकडे वळली. जिंकलेल्या माणसाला टोमणे मारायला लागत नाहीत.

वालाच्या टपांवर आता दोन वेगळ्या पाट्या होत्या. 'गोडे वाल' आणि 'कडवे वाल'. कडव्याचा भाव चांगला वर चढलेला. त्याचा टप मात्र रिकामा. मॅनेजर हात जोडून मंदाला बोलला, "भाभी, आपने पहले बताया क्यूं नहीं?"

"तुमने पूछा कब?"

बाया रिकाम्या टपाकडे बघत राहिल्या. "मंदाताई, मग आता हे वाल मिळणार कुठे?"

मंदाने पिवळी पिशवी झटकून घडी घातली. गोणी केव्हाची तिच्या घरी, गॅलरीत, पातेल्याच्या जागेवर उभी होती.

"मिळतील की," ती बोलली. "डबा लावा."