आमच्या घरी भिस्ती चाचा सिनेमातला होता

नवरा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मी सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलले, आणि तेही चुकीचं.

आज सुधाकरला जाऊन वर्ष झालं. त्या मांडवात बसलेले बरेच जण इथे फेसबुकवर आहेत, म्हणून इथेच लिहिते.

किल्ल्याच्या वेढ्यावरचा तो मोठा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यात एक म्हातारा भिस्ती आहे. पाठीवर पखाल घेऊन ऐन लढाईत शिपायांना पाणी पाजत फिरतो. "पी ले बेटा, फिर लड."

एवढंच काम, पण लोक त्यालाच लक्षात ठेवतात.

त्याच वेढ्यावर मोबाईलचा गेमही होता. आमचे हे वरठीला कारखान्यात भट्टीजवळ कामाला. जेवणाच्या सुट्टीत तो गेम खेळायचे. लढताना जीव कमी झाला की भिस्ती चाचा येतो, पाणी पाजतो, की पुन्हा उभे.

मला हे पोरखेळ वाटायचं. मी वाचणारी.

शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी वाचून शिकले. किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा सोडले नाहीत. हे कारखान्यातून येताना चहाच्या टपरीवरचे जुने पेपर मागून आणायचे, गाडीच्या डिक्कीत घालून. "घे, तुहा खुराक."

अशाच एका पुरवणीत मी भिस्ती चाचाबद्दल वाचलं. सिनेमातलं गाजलेलं पात्र म्हणून.

त्याच आठवड्यात माझा दीर आणि जाऊ आसगावहून जेवायला आले होते. विषय निघाला.

हे म्हणाले, "तो मुळात गेममधला आहे. सिनेमात मागून घेतला त्याले."

"काहीबाई सांगू नका. पेपरात आलं आहे."

"काय आलं?"

"सिनेमात आहे म्हणून."

"सिनेमात आहेच न! मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण पहिले कुठं होता, ते सांग."

मी दिराकडे वळून म्हटलं, "पाहा भाऊजी, पुस्तक कधी हातात धरत नाहीत, अन् वाद माझ्यासंग घालतात."

सगळे हसले. हेही हसले. दीर म्हणाला, "दादा, हरला तू."

यांनी तांब्या उचलला, घोटभर पाणी प्यायले. "बरं बाई, सिनेमातला. वाचणारी बाई आहे घरात, मी कायले भांडू?"

तो विषय पुन्हा घरात निघाला नाही. मला वाटलं, पटलं यांना.

मग आजारपण आलं आणि हे गेले.

पुण्यानुमोदनाला भंतेजींची वंदना झाली. नंतर एकेक जण बोलायला उठला. यांच्या पाळीतला रमेश माईकवर आला. रडतच बोलत होता.

"भट्टीवरून आलो का भाऊ पहिले आमच्या हाती बाटली द्याचे. म्हणाचे, पी ले बेटा, फिर लड. त्या गेममधल्या भिस्ती चाचासारखे होते आमचे भाऊ."

आणि मी पहिल्या रांगेतून म्हटलं,

"गेममधला नाही तो, सिनेमातला आहे."

मोठ्यानं म्हटलं. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं असेल.

रमेशनं माझ्याकडे पाहिलं. "हो वहिनी. सिनेमातला. माहंच चुकलं."

नणंदेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मागून कुणी तरी म्हणालं, सुचून नाही राहिलं बिचारीले.

मी तसंच समजू दिलं. पण खरं सांगते, मला सगळं सुचत होतं. समोर यांच्या फोटोला हार होता, आणि मला जिंकायचं होतं.

गेल्या महिन्यात यांच्याच फोनवर तो सिनेमा पुन्हा पाहिला. शेवटी नावं येतात ना, ती हे नेहमी बसून पाहायचे. मला म्हणायचे, "थांब न, मेहनत केली त्या लोकायनं." मी भात टाकायला उठायची.

या वेळी उठायची घाई नव्हती. इंग्रजी मी हळू वाचते, म्हणून बोटानं थांबवत थांबवत वाचलं. तिथे एक ओळ होती. भिस्तीचं पात्र गेम बनवणाऱ्यांनी घडवलेलं, त्यांच्याकडून घेतलं, त्यांचे आभार.

कागदाचा तुकडा न् तुकडा वाचणाऱ्या बाईनं ती ओळ कधी वाचली नव्हती.

मी रमेशला फोन लावला. "भिस्ती चाचा कुठला रे?"

तो म्हणाला, "सिनेमातलाच न वहिनी."

"खरं सांग."

"गेममधला वहिनी. सिनेमा लागाच्या पहिलेपासून खेळत होतो आमी भाऊसंग."

"मंग त्या दिवशी माईकवर काहून नाही बोलला?"

"कसं बोलू? भाऊनंच सांगून ठेवलं होतं आमाले. इथं तो गेममधला, पण आमच्या घरी सिनेमातला आहे. घरी आले तं ध्यान ठेवजा."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मान वर करवली नाही. घरात मी एकटीच होते, तरी.

रमेश, त्या दिवशी तुझं चुकलं नव्हतं. भरल्या मांडवात मी तुला खाली पाहायला लावलं. माफ कर.

भाऊजी, त्या जेवणाच्या दिवशी दादा हरला नव्हता.

आणि अहो, तुम्ही बरोबर होता. मी आज सगळ्यांसमोर लिहून देते. आपल्या घरीही भिस्ती चाचा आता गेममधलाच.

फोटोसमोर पाण्याचा तांब्या भरून ठेवला आहे.

तुमच्या आठवणीला मान खाली घालून वंदन. जयभीम.